उताऱ्यात न लिहिलेलं

"सुरुवातीला मागे कोणीतरी असलेलं बरं. पण त्यांनी कधी सोडलं हे त्यांनी सांगू नये. खाली पाहिलं की संपलं, म्हणून नजर लांब ठेवावी. भीती वाटली की थांबावंसं वाटतं, पण थांबलं की पडायला होतं. जमेपर्यंत फार अवघड आणि एकदा जमलं की इतकं सोपं, की वर्षानुवर्षं सोडून दिलं तरी विसरत नाही."

हा उतारा मी वर्गासाठी लिहिला. पाच वाक्यं, सगळे रोजचे शब्द. भाषा शिकायला लागून थोडेच महिने झालेल्या माणसालाही यातला जवळजवळ प्रत्येक शब्द येतो. तरी पहिल्या वाचनानंतर 'कशाबद्दल आहे?' असं विचारलं की उत्तरं दहा दिशांना जातात. कोणी म्हणतं पोहणं, कोणी म्हणतं दोरीवरची कसरत. कोणी बाळाचं पहिलं चालणं म्हणतं आणि शेवटच्या वाक्यापर्यंत ते बऱ्यापैकी बसतंही. मग मी फळ्यावर शीर्षक लिहिते: सायकल शिकताना. पुन्हा वाचायला सांगितलं की प्रत्येक वाक्य आपापल्या जागी जाऊन बसतं. 'मागे कोणीतरी' म्हणजे कोण, 'सोडलं' म्हणजे काय सोडलं, हे मग कोणी विचारत नाही.

युक्ती माझी नाही. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शिया जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यांचा उतारा कपडे धुण्याबद्दल होता, पण 'कपडे' आणि 'धुणे' हे शब्द टाळून लिहिलेला. विषय आधी सांगितलेल्या लोकांना उतारा समजला आणि बराचसा आठवलाही. न सांगितलेल्यांना दोन्ही जमलं नाही. मला त्यातला सगळ्यात उपयोगी भाग तिसऱ्या गटाचा वाटतो. त्यांना विषय सांगितला, पण वाचून झाल्यावर. त्यांना त्याचा काहीच फायदा झाला नाही.

भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी उतारे निवडायचं काम मी बरीच वर्षं करते आहे, आणि या कामाबद्दल माझं म्हणणं थोडक्यात असं: उतारा निवडताना पाहायचं ते त्यात काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते, आणि ती जागा समोरच्या वाचकाला स्वतःहून भरता येईल का ते. निवड करणाऱ्याला नेमकं हेच दिसत नाही, कारण त्याच्या डोक्यात ती जागा आधीच भरलेली असते.

आता शब्दांबद्दल. शब्द मोजणं मी सोडून दिलेलं नाही. ते मोजावेच लागतात. १९२० च्या दशकात मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्यात मुलांना इंग्रजी वाचायला शिकवत होते. त्यांच्या लक्षात आलं, की पाठ्यपुस्तकात नवे शब्द दाटीवाटीने येतात आणि पुन्हा भेटतच नाहीत. त्यांनी उलटं केलं. नवे शब्द कमी, लांब लांब अंतरावर, आणि एकदा आलेला शब्द पुन्हा पुन्हा. पुढे १९५३ मध्ये त्यांनी सुमारे २,००० शब्दांची जी यादी प्रसिद्ध केली, ती अनेक दशकं इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या हाताशी होती. आजच्या पायरीपायरीने वाढणाऱ्या वाचनमालांच्या मागे हाच विचार आहे.

किती शब्द ओळखीचे असावेत यावर नंतर संशोधन झालं. बातिया लाउफर यांनी १९८९ मध्ये ९५ टक्क्यांचा आकडा मांडला. २००० मध्ये मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी एका गोष्टीतले काही शब्द काढून त्यांच्या जागी बनावट, निरर्थक शब्द घातले आणि लोकांना वाचायला दिली. ओळखीचे शब्द ८० टक्के उरले तेव्हा गोष्ट कोणालाच पुरेशी समजली नाही. कोणाच्या मदतीशिवाय सुखाने वाचायचं तर ९८ टक्के शब्द येत असावेत, असा त्यांचा निष्कर्ष. कागदावर ९५ आणि ९८ शेजारीच वाटतात. पण तीनशे शब्दांच्या उताऱ्यात ९५ टक्के म्हणजे पंधरा अनोळखी शब्द आणि ९८ टक्के म्हणजे सहा. पंधरा अडथळ्यांचा उतारा मी वर्गात, मी हजर असताना घेते. सहावाला घरी वाचायला देते. या आकड्यांचा मला एवढाच उपयोग आहे, आणि तो कमी नाही.

पण टक्केवारी किती शब्द अडतील ते सांगते, कुठे अडतील ते सांगत नाही. बागेच्या वर्णनात दोन झाडांची नावं आली नाहीत म्हणून काही बिघडत नाही. वाचक 'झाड असेल' म्हणून पुढे जातो. 'जामीन' हा एकच शब्द येत नसेल, तर न्यायालयातली अख्खी बातमी हातातून जाते.

वाक्यांची लांबी आणि शब्दांतली अक्षरं मोजून काठिण्य सांगणारी सूत्रंही आहेत. रुडॉल्फ फ्लेश यांचं १९४८ चं सूत्र सगळ्यात प्रसिद्ध. ते इंग्रजीसाठी बेतलेलं. मराठीत 'शिकवणाऱ्यांपैकीसुद्धा' हा एकच शब्द धरला जातो, तिथे त्या आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही. आणि उरला तरी माझा सायकलचा उतारा त्या सूत्रात पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण होईल. वर्गात त्याचं काय होतं ते वर सांगितलंच.

वाचकाला आधी काय माहीत आहे, याचा जोर किती असतो हे डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांच्या १९८८ च्या प्रयोगात फार चांगलं दिसतं. अमेरिकेतली ६४ शाळकरी मुलं. काही वाचनात हुशार, काही कच्ची. दोन्हींत काहींना बेसबॉल चांगला कळणारा, काहींना न कळणारा. सगळ्यांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि लाकडी सोंगट्या हलवून तो डाव पुन्हा घडवायला सांगितला. वाचनात कच्ची पण खेळ कळणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्यांच्या पुढे गेली. म्हणजे आकलनाची परीक्षा म्हणून समोर ठेवलेला कागद प्रत्यक्षात बऱ्याच अंशी बेसबॉलची परीक्षा घेत होता.

त्याच्या थोडं आधी, १९७९ मध्ये, मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी भारतीय आणि अमेरिकी वाचकांना दोन पत्रं दिली होती. एका पत्रात भारतीय लग्नाची हकिकत, दुसऱ्यात अमेरिकी लग्नाची. आपापल्या लग्नाचं पत्र लोकांनी लवकर वाचलं आणि त्यातलं जास्त आठवलं, हे अपेक्षितच. खरी गंमत चुकांमध्ये आहे. अमेरिकी वधूने आजीचा लग्नाचा पोशाख घातला होता. तिकडे हे मानाचं आणि मायेचं. एका भारतीय वाचकाला मात्र आठवलं ते हे, की पोशाख जुना होता आणि फॅशनमधून गेलेला होता. शब्द सगळे समजले होते, व्याकरण समजलं होतं. रिकामी जागाही भरली होती, फक्त घरच्या मालाने.

म्हणून माझ्याकडे दोन वेगळे गठ्ठे आहेत आणि मी ते मिसळू देत नाही. परीक्षेसाठीचा उतारा शक्यतो असा, की विषय सगळ्यांनाच सारखा नवा असेल आणि लागणारी माहिती उताऱ्यातच असेल. एखादा अपरिचित कीटक, एखाद्या जुन्या यंत्राची रचना, कोणाला फारसं माहीत नसलेला प्रवास. खेळ, सिनेमा, सणसमारंभ परीक्षेत नकोत. तिथे कोणीतरी घरूनच गुण घेऊन येतो. वर्गात शिकवायचा उतारा मात्र बरोब्बर उलट. तिथे मी असा विषय शोधते, जो त्यांना भाषेबाहेर चांगला ठाऊक आहे. हे दोन हेतू एकाच उताऱ्यावर लादले जातात, आणि मग परीक्षेत अन्याय होतो आणि वर्गात कंटाळा येतो.

मोठ्या वयात नवी भाषा शिकणाऱ्यांच्या बाबतीत तर हे फारच जाणवतं. भाषा पहिलीतली म्हणून उताराही पहिलीतला. पन्नाशीतला इलेक्ट्रिशियन समोर बसलेला असतो आणि त्याच्या हातात ससा-कासव. तो सभ्यपणे वाचतो, उत्तरं लिहितो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. त्याच माणसाला घरातली वायरिंग तपासण्याच्या सूचना द्या. शब्द कितीतरी अवघड असतात, वाक्यं लांब असतात, पण मुख्य वीजपुरवठा बंद केल्यावर पुढे काय येणार हे त्याला वाक्य संपायच्या आधी माहीत असतं. तिथे तो अनोळखी शब्दाचा अर्थ स्वतः सांगतो, आणि कधी कधी उतारा लिहिणाऱ्याची चूकही काढतो.

आता एक छोटा उतारा जवळून पाहू. विद्यार्थ्यांना मी पेन्सिल देते आणि सांगते, वाचताना जिथे थांबावं लागलं तिथे खूण करा. अर्थ विचारू नका, नुसती खूण.

"मोठ्या भावाने पत्र वाचलं आणि धाकट्याकडे दिलं. त्याने ते न वाचताच खिशात ठेवलं. संध्याकाळी आईने पत्राबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, 'काही विशेष नाही.' मोठा भाऊ काहीच बोलला नाही."

'विशेष' हा शब्द अडेल अशी शिक्षकाची अपेक्षा असते आणि समासात त्याचा अर्थही छापलेला असतो. खुणा पडतात त्या 'तो' वर. 'काही विशेष नाही' कोण म्हणालं? मोठा म्हणाला असेल तर त्याने आईपासून काहीतरी लपवलं. धाकटा म्हणाला असेल तर न वाचलेल्या पत्राबद्दल तो बोलतोय, आणि ज्याने वाचलंय तो गप्प बसलाय. शेवटचं वाक्य निकाल लावतं, पण ते वाचून पुन्हा मागे यावं लागतं. जो मागे येत नाही त्याची गोष्ट वेगळीच होते. सर्वनामं, 'तरी', 'मात्र', 'सुद्धा' असले चिमुकले शब्द शब्दार्थांच्या यादीत कधी येत नाहीत, आणि विद्यार्थी अडतात ते बहुतेक तिथेच.

मोठ्या लेखनातून कापून घेतलेले उतारे याच कारणासाठी मी संशयाने पाहते. मधूनच उचललेल्या उताऱ्याची सुरुवात 'त्या प्रसंगानंतर ती पुन्हा तिकडे गेली नाही' अशी असते. कोणता प्रसंग, ती कोण, तिकडे कुठे? ज्याने आख्खं वाचलंय त्याला हे खटकत नाही. अशा वेळी मी लेखनाची सुरुवातच घेते, भलेही ती मधल्या भागाइतकी देखणी नसो. लेखकाने तिथे वाचकाला काहीच माहीत नाही असं धरलेलं असतं, आणि आपल्यालाही तेच धरायचं असतं.

उतारा अवघड वाटला की सोपा करायची घाई होते आणि सोपं करणं म्हणजे वाक्यं तोडणं असा एक समज आहे. 'पाऊस थांबला होता, तरी सामना सुरू झाला नाही, कारण मैदान ओलं होतं.' हे तोडून 'पाऊस थांबला होता. सामना सुरू झाला नाही. मैदान ओलं होतं.' असं केलं जातं. वाक्यं तीन झाली, छोटी झाली, सूत्रात गुण वाढले. पण 'तरी' आणि 'कारण' हे दोन दुवे गेले आणि ते जोडायचं काम वाचकाच्या गळ्यात पडलं. खेळ माहीत असेल तर तो जोडतो, नसेल तर त्याच्या दृष्टीने या तीन स्वतंत्र बातम्या. मी सोपं करताना बहुधा शब्द वाढवते. एखादं 'म्हणून', एखादं 'धाकटा भाऊ' सर्वनामाच्या जागी. उतारा लांबतो आणि हलका होतो.

यालाही दुसरी बाजू आहे. डॅनिएल मॅकनामारा, वॉल्टर किंच आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की विषयाची माहिती कमी असलेल्या मुलांना सगळे दुवे स्पष्ट असलेला मजकूर उपयोगी पडतो, पण माहिती चांगली असलेल्यांना खोलवर समजायला थोडा तुटक मजकूर जास्त उपयोगी ठरतो. जोडण्याचं काम त्यांना करावं लागतं आणि त्या कामातूनच समजतं. त्यामुळे एकाच वर्गात एकाच उताऱ्याच्या दोन प्रती देणं मला वावगं वाटत नाही. कागदाचा खर्च होतो, एवढंच.

उतारा प्रश्नांचा भार पेलेल का, हे पाहायची माझी रीत सोपी आहे. उतारा झाकायचा, नुसते प्रश्न ठेवायचे, आणि ज्याने तो वाचलेला नाही अशा कोणाला तरी उत्तरं द्यायला सांगायचं. स्टुअर्ट कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये अमेरिकेतल्या एसएटी या प्रवेशपरीक्षेच्या उताऱ्यांबाबत हेच केलं होतं. उतारा न वाचता उत्तरं देणाऱ्यांचे गुण नुसत्या अंदाजाने मिळतील त्यापेक्षा बरेच जास्त आले. इतक्या जपून तयार केलेल्या परीक्षेत हे होत असेल, तर आपल्या 'वृक्षांचे महत्त्व' छापाच्या उताऱ्यांबद्दल बोलायलाच नको. 'झाडे का लावावीत?' याचं उत्तर द्यायला उतारा कशाला लागतो! तात्पर्यकथांचं तसंच. प्रामाणिक लाकूडतोड्याला शेवटी काय मिळतं हे सगळ्यांना ठाऊक. तिथे मुलं उतारा वाचत नाहीत, आठवतात. भावांच्या पत्रावर मात्र 'धाकट्याला पत्रात काय आहे हे माहीत होतं का, कशावरून?' एवढा एक प्रश्न पुरतो. उत्तर कुठल्याही एका वाक्यात नाही, आणि उतारा न वाचता ते देता येत नाही.

अलीकडे एक नवी सोय झाली आहे. यंत्राला सांगितलं की अमुक पातळीचा, तमुक विषयावरचा दोनशे शब्दांचा उतारा क्षणात मिळतो. मी वापरून पाहते. व्याकरण स्वच्छ, पातळीही बरोबर. पण तिथे गोष्टीतल्या माणसाला वाईट वाटलं की 'त्याला वाईट वाटलं' असं लिहिलेलंच असतं, आणि का वाटलं तेही पुढच्या वाक्यात. वाचकाला करायला काही उरत नाही, त्यामुळे विचारायलाही काही उरत नाही. दोन-तीन वाक्यं खोडली की त्यातले काही उतारे कामाचे होतात. कोणती खोडायची हे ठरवायला वेळ लागतो आणि मग वाटतं, याहून शोधला असता तर बरा.

पातळ्यांच्या चौकटीही मी पाहते, वाद घालत नाही. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या विद्यार्थी कुठवर आलाय हे सांगायला चांगल्या आहेत. उताऱ्यावर तोच शिक्का मारला की गडबड होते, कारण वायरिंगच्या सूचना एकासाठी बी१ आणि दुसऱ्यासाठी अशक्य असतात.

त्यामुळे मी हल्ली सुटा उतारा क्वचितच देते. एका विषयाचे तीन-चार सलग देते. स्टीफन क्रॅशन यांनी १९८१ मध्येच याचा पुरस्कार केला होता: एकाच विषयावर, एकाच लेखकाचं वाचत राहायचं, म्हणजे शब्द आपोआप पुन्हा भेटतात आणि माहितीही साठत जाते. माझा सध्याचा गठ्ठा 'वेळ' या विषयाचा आहे. पहिला उतारा म्हणजे नुसतं रेल्वेचं वेळापत्रक आणि त्याखालच्या टिपा. दुसरा, सूर्य माथ्यावर आला की बारा वाजले असं मानायचे दिवस, जेव्हा प्रत्येक गावाचं घड्याळ वेगळं होतं. तिसरा, रेल्वे आल्यावर झालेला गोंधळ आणि १८८४ मध्ये वॉशिंग्टनला जमलेल्या २५ देशांच्या प्रतिनिधींनी ग्रिनिचवरून रेखांश मोजायचं ठरवलं त्याची हकिकत. तिसरा उतारा एकटा दिला तर माझ्या निम्म्या वर्गाला झेपणार नाही. तिसरा म्हणून दिला की झेपतो.

त्या तिसऱ्यात मूळ लेखकाचं एक वाक्य होतं: पूर्वेकडच्या गावात सूर्य आधी माथ्यावर येतो, म्हणून तिथलं घड्याळ पुढे असे. ते मी काढून टाकलं. दुसरा उतारा वाचलेल्यांना ते लागत नाही. ते स्वतःच सांगतात आणि सांगताना कोणतं गाव पुढे, कोणतं मागे यावरून हमखास भांडतात. आदल्या तासाला गैरहजर असलेला एकजण परवा बरोबर त्याच जागी अडला. त्याने शब्दकोश काढला, तीन शब्द शोधले, तिन्ही त्याला येतच होते. त्याला मी दुसरा उतारा काढून दिला आणि बाकीच्यांचं भांडण चालू राहू दिलं.